शेकडा एक म्हणजे किती?

वाचकांचे प्रश्न, घरातल्या पैशाबद्दल

मागच्या दोन महिन्यांत आलेली पत्रं जेवणाच्या टेबलावर पसरून बसले आहे. निम्म्या पत्रांची सुरुवात एकाच वाक्यानं होते: "मला पैशातलं काही कळत नाही." सांगलीत एका सहकारी बँकेच्या काउंटरवर ३३ वर्षं काढली, तेव्हाही हे वाक्य रोज कानावर यायचं. म्हणणारी बाई बाजारात सव्वा किलो वांग्यांचे पैसे भाजीवालीच्या आधी तोंडी सांगायची आणि शंभर पानांच्या पंगतीला तांदूळ किती लागतील तेही उभ्या उभ्या सांगायची. तिला आकडे चांगले येत होते. बँकेची भाषा तेवढी परकी वाटत होती. म्हणून मी इथं उत्तरं होईल तितकी घरातल्या मापांनी देते. नाव कुणाचंच छापत नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहीत जा.

काकू, मी मूळची लातूरची. पुण्यात एका रुग्णालयात नर्स आहे. हातात २८,००० येतात आणि वीस तारखेनंतर मैत्रिणीकडून उसने घ्यावे लागतात. मोबाइलमध्ये खर्च लिहायचं ॲप तीनदा घेतलं, चार दिवसांच्या वर टिकलं नाही. हिशेब म्हटलं की शाळेतली गणिताची वही आठवते आणि पोटात गोळा येतो. जरा गंमत वाटेल असं काही सांगा ना.
— वय २४, पुणे

तुझं पत्र वाचताना मला आमच्या शाखेतली संध्याकाळ आठवली. व्यवहार बंद झाले की खिडकीतली रोकड मोजायची आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघायची. मेळ बसला की घरी. नाही बसला तर कुणीच घरी नाही. १९९१ चा मार्च होता, मी नवीन होते आणि माझ्या खिडकीत दहा रुपये कमी आले. सगळी शाखा थांबली. मार्च म्हणजे सांगलीत हळदीचा हंगाम. व्यापारी पेठेतून नोटा आणायचे त्या पिवळ्या झालेल्या असायच्या, मोजून मोजून आमची बोटंही पिवळी व्हायची. आठ वाजता, चौथ्यांदा मोजताना, दहाच्या नोटांच्या एका गड्डीत शंभराऐवजी एकशे एक नोटा निघाल्या. दोन नोटा हळदीनं आणि ओलसरपणानं एकमेकींना चिकटल्या होत्या. तेव्हा गड्ड्यांना टाचण्या मारलेल्या असत, त्यामुळे टाचणीपाशी ती जोडी सुटून दिसली नव्हती. शिपाईमामांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. दहा रुपये काही माझे नव्हते, पण कोडं सुटलं होतं.

हिशेबातली गंमत ती हीच, मेळ बसण्यातली. ॲपमध्ये तू खर्च नुसता लिहून काढत होतीस, मेळ घालत नव्हतीस. त्यामुळे रोज रात्री आपल्या चुकांची यादी केल्यासारखं झालं असणार. असं चार दिवसांच्या वर कोण करेल?

आता असं कर. रात्री झोपण्याआधी पर्समधले आणि खात्यातले पैसे मिळून एकच आकडा वहीत लिही. दुसऱ्या रात्री पुन्हा. समज काल १४,३२० होते, आज १३,८६५ आहेत. म्हणजे ४५५ गेले. आता आठवायचं. रिक्षा ६०. मेसची भाजी नको झाली म्हणून बाहेर डोसा, ९०. मोबाइलचा रिचार्ज २३९. झाले ३८९. उरलेले ६६ कुठे गेले? डोळे मिटून दिवसभर पुन्हा एकदा चालून ये. ड्युटी संपल्यावर दोघींचा चहा आणि क्रीमरोल, ४०. बसथांब्यावरचा गजरा, २०. राहिले सहा, ते सोडून दे. दहाच्या आत आलीस की जिंकलीस आणि वहीवर चांदणी काढ. चार-पाच मिनिटांचं काम आहे. खर्च बरोबर होता की चूक, हे पहिला महिनाभर स्वतःला विचारायचंच नाही. काही कमीही करायचं नाही.

दुसऱ्या महिन्यापासून वाटे पाड. तू लिहिलेल्या आकड्यांवरून खोली ८,५००, मेस ३,५००, घरी पाठवतेस ते ४,००० आणि मी सुचवते ती २,००० ची आवर्ती ठेव, असे १८,००० पगाराच्या दिवशीच निघून जाऊ दे. उरले १०,०००. याचे आठवड्यांवर वाटे करू नकोस. तुझ्या ड्युट्या फिरत्या, तुला रविवार कुठला! शिवाय महिन्यात चार आठवडे आणि वर दोन-तीन दिवस येतात, आणि ते दोन-तीन दिवसच घात करतात. महिन्याचे सहा-सहा दिवसांचे पाच वाटे पाड. प्रत्येक वाट्याला २,०००. दुसरं एक साधं बचत खातं उघड, मोबाइलवरून पैसे देणं फक्त त्या खात्याला जोड आणि दर सहा दिवसांनी तिथं २,००० टाक. वीस तारखेला तुझ्या हाताशी अख्खा पाचवा वाटा शिल्लक असेल, चौथ्यातलाही थोडा.

सहाव्या दिवशी वाट्यातले जे उरतील, मग ते तीस असोत की तीनशे, ते काढून एका डब्यात टाक. आमच्या घरी त्याला 'उनाड डबा' म्हणतात. त्यातल्या पैशांचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही आणि विचारायचाही नाही. माझ्या मुलीनं त्यातून एकदा नुसत्या रंगीत बांगड्यांचे आठ डझन आणले होते.

आवर्ती ठेव पहिलं वर्ष बँकेतच कर, कारण अडीअडचणीला ती मोडता येते आणि तुला आधी निदान एका महिन्याचा खर्च बाजूला हवा. तो साठला की मग पोस्टाकडे वळ. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि १०० रुपयांपासून सुरू होते. ६.७ टक्के दरानं महिना २,००० भरलेस तर पाच वर्षांत १,२०,००० चे साधारण १,४२,७०० होतात. उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षं तोच राहतो.

आमच्या गल्लीत १२ जणींची भिशी आहे, महिना २,००० रुपयांची. चौदा वर्षं चालू आहे. नवी सून शिकलेली आहे, ती म्हणते, "आई, भिशीत व्याज मिळत नाही, त्यापेक्षा बँकेत आरडी करा." मला वाईट वाटलं, पण उत्तर देता आलं नाही.
— गृहिणी, इचलकरंजी

वहिनी, व्याज भिशीतही असतं. बारा जणींतल्या बारा जणींतच ते फिरतं म्हणून दिसत नाही. पहिला नंबर जिला लागतो ती २,००० भरते आणि २४,००० घेऊन घरी जाते. म्हणजे बाकीच्या अकरा जणींचे २२,००० तिच्याकडे आले. बँकेनं एवढे पैसे दिले असते तर व्याज मागितलं असतं, इथं कुणी मागत नाही. शेवटच्या नंबरवालीचं उलटं. ती वर्षभर देत राहते आणि सगळ्यात शेवटी घेते. साडेसहा टक्क्यांनी मी मांडून बघितलं. पहिलीचा वर्षभरात सातशे रुपयांच्या आसपास फायदा होतो, शेवटचीचं तेवढंच सुटतं आणि मधल्यांचं मधलं. चिठ्ठ्या टाकून नंबर काढत असाल तर चौदा वर्षांत कधी तुम्ही पहिल्या, कधी शेवटच्या. सगळं फिटत आलेलं असणार. आणि अगदी शेवटचा नंबर आला तरी सातशे रुपये म्हणजे महिन्याला साठ. दोन नारळांचे पैसे.

त्या साठ रुपयांत काय मिळतं, तेही सुनेला सांगा. आरडीचा हप्ता चुकला की बँक दंड लावते. भिशीचा चुकला की शेजारीण दारात येते आणि विचारते, "काय गं, बरं नाही का?" पाच वर्षांपूर्वीची आमच्या भिशीतली गोष्ट. तांब्यातून चिठ्ठी निघाली ती कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची. त्यांना नवं मशीन घ्यायचं होतं, आधीच्या महिन्यातच आम्हाला चित्र दाखवून झालं होतं. त्या दिवशी आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याला दवाखान्यात ठेवलेलं होतं. बाईंनी चिठ्ठी उघडली, वाचली, पुन्हा घडी घातली आणि तिच्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "मशीन दिवाळीला येईल." कुणीच काही बोललं नाही. साबुदाणा वडे गार होईपर्यंत तसेच बसलो होतो.

तेव्हा भिशी चालू ठेवा. जपायचं एवढंच की ओळखीच्या घरांपलीकडे ती जाऊ देऊ नका. बोलीची भिशी, ज्यात जास्त पैसे सोडायला तयार होईल तिला आधी रक्कम मिळते, तिच्यात अडलेल्या बाईचाच तोटा होतो. तिच्या वाटेला मी कुणालाच जाऊ देत नाही. आणि कुणी अनोळखी माणूस फोनवरून मोठ्या रकमेची भिशी किंवा चिट फंड सांगत आला तर आधी नोंदणीचा कागद मागा. चिट फंडाचा धंदा १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी केल्याशिवाय करता येत नाही.

सुनेचं अर्धं म्हणणं मात्र जरूर ऐका. नंबर लागला की २४,००० कपाटात ठेवू नका, त्याच आठवड्यात मुदत ठेव करा. कपाटातल्या पैशांना पाय फुटतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं! आणि पुढच्या भिशीला तिला बरोबर घेऊन जा. वही तिच्या हातात द्या. तिचं अक्षर चांगलं असेल आणि तिलाही गल्लीत चार ओळखी होतील.

दुधाचा धंदा वाढवायचा आहे, एक म्हैस घेतोय. ६०,००० कमी पडतात. ओळखीचे एक जण शेकडा एकनं द्यायला तयार आहेत, दोन वर्षं सारखे हप्ते. बँक १५ टक्के म्हणते. एक कुठं आणि पंधरा कुठं! पण मेव्हणा म्हणतो, थांब, यात काहीतरी गोम आहे.
— दूध उत्पादक शेतकरी, सांगोला तालुका

तुमच्या मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा. ते थांब म्हणाले, फार चांगलं केलं.

गावाकडे 'शेकडा एक' म्हणतात ते महिन्याचं. शंभर रुपयांना महिन्याला एक रुपया. बँकेचे पंधरा टक्के वर्षाचे. तेव्हा एकशी पंधराची तुलनाच नाही. एकला बारानं गुणा, ते झाले वर्षाचे बारा. या एका गुणाकारावाचून माणसं जमिनी घालवून बसलेली मी पाहिली आहेत. 'बँक बारा घेते, सावकार तीनच घेतो' असं म्हणत आमच्याकडे यायची. ते तीन वर्षाचे छत्तीस होते.

तुम्ही म्हणाल, तरी बारा पंधरापेक्षा कमीच. इथंच खरी गोम आहे. हे बारा कशावर मोजतात ते बघा.

समजा तुम्ही कुणाच्या तरी गोदामात साठ पोती ठेवली आणि दर महिन्याला अडीच पोती उचलून नेता. चोवीस महिन्यांत गोदाम रिकामं. पहिल्या महिन्याचं भाडं साठ पोत्यांचं, हे रास्त आहे. वर्षानं तीसच पोती राहिली, तर भाडंही तिसाचंच हवं ना? शेकडा एकवाले शेवटच्या महिन्यात अडीच पोती उरली असतानाही साठ पोत्यांचं भाडं घेतात. बँक जेवढी पोती शिल्लक तेवढ्याचंच घेते. याला 'घटत्या शिलकीवर व्याज' म्हणतात.

आता रुपयांत. शेकडा एकनं ६०,००० वर महिन्याला ६०० व्याज, २४ महिन्यांत १४,४००. मुद्दल मिळवून हप्ता ३,१०० चा. बँकेचा १५ टक्क्यांनी हप्ता येतो साधारण २,९१० चा आणि दोन वर्षांत व्याज जातं ९,८०० च्या आसपास. म्हणजे बारा टक्के हे पंधरा टक्क्यांपेक्षा साडेचार हजारांनी महाग पडले. बँकेच्या मापानं मोजलं तर तुमचं 'शेकडा एक' साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातं. साडेचार हजारांत पेंडीची किती पोती येतील ते तुम्हीच मांडा, भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक.

मोटारसायकलच्या दुकानात किंवा हप्त्यानं टीव्ही घेतानाही हीच गोम असते. दर टक्क्यांत सांगतील, तुम्ही हप्ता रुपयांत विचारा. हप्ता गुणिले महिने, वजा मुद्दल. जे उरतं ते व्याज. कागदपत्रांचा म्हणून आधी कापतात तो खर्चही त्यातच मिळवा. पाठकोऱ्या कागदावर होतं.

बँक फारच फेऱ्या मारायला लावते, हे तुमचं पुढचं वाक्य मी छापलेलं नाही, पण वाचलं आहे आणि ते खरं आहे. तरी दोन फेऱ्या जास्त मारा. बाहेरून घ्यायचीच वेळ आली तर समोरच्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानं तो लागतो. कोऱ्या कागदावर सही करू नका, मग माणूस कितीही घरचा असो. किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनाच्या खेळत्या भांडवलालाही मिळतं, ते चारा-पेंडीसाठी मागून बघा. आणि म्हशीचा विमा उतरवाल तेव्हा कानातला बिल्ला जपा. तो पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्या, कारण पुढं दावा करताना बिल्ल्यावरचा नंबरच विचारतात.

जुना सोफा विकायचा म्हणून मोबाइलवर जाहिरात टाकली. घेणारा म्हणतो, मी पैसे पाठवतो, तुम्ही हा कोड स्कॅन करून पिन टाका. टाकू का?
— निवृत्त शिक्षक, डोंबिवली

टाकू नका, सर. पिन म्हणजे तुमच्या तिजोरीची किल्ली. ती पैसे बाहेर जातानाच लागते. आपल्याकडे पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. हे उत्तर छापून येईपर्यंत टाकून झाला असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा जास्त. आणि लाजू नका. मोठमोठी माणसं यात फसली आहेत.

हे जाऊन दीड वर्ष झालं. सगळे व्यवहार तेच बघायचे. आमची नऊ लाखांची ठेव गावातल्या एका पतसंस्थेत आहे, व्याज चांगलं मिळतं. मुलगा ठाण्याला असतो. तो म्हणतो, आई, एकदा सगळे कागद बघ. मी फाइल काढते, यांचं अक्षर दिसतं आणि पुन्हा बंद करते.
— वय ६७, रत्नागिरी जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. काउंटरवर असताना तुमच्यासारख्या कितीतरी जणी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत फाइल, आणि पहिला प्रश्न, "कुठं सही करू?" एक बाई तर ट्रंकेत तळाला घातलेल्या वर्तमानपत्राच्या घडीत सापडलेल्या दोन पावत्या घेऊन आल्या होत्या. मुदत संपून सहा वर्षं झाली होती. नवऱ्यानं लपवलं नव्हतं हो. त्यांना कधी सांगायचं सुचलं नव्हतं आणि यांना कधी विचारायचं सुचलं नव्हतं.

फाइल एकदम सगळी बघायची नाही. एखाद्या संध्याकाळी, शेजारची कुणीतरी बरोबर असताना, वीस मिनिटं उघडा. निर्णय कुठलाच घ्यायचा नाही. एका कागदावर फक्त उतरवून काढा: संस्था कोणती, पावती क्रमांक, रक्कम, मुदत कधी संपते, वारस म्हणून कुणाचं नाव आहे. यांचं अक्षर दिसलं आणि रडू आलं तर येऊ द्या. यादी दुसऱ्या दिवशी पुरी होईल.

आता पतसंस्थेचं. तुमची संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला ती ठाऊकही नाही. पण एक गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवी. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, मग ती सरकारी असो, खासगी असो की सहकारी. बँक बुडाली तर मुद्दल आणि व्याज मिळून एका माणसाला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत मिळतात. फेब्रुवारी २०२० पर्यंत हा आकडा १ लाखच होता. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. नावात 'सहकारी' दोन्हीकडे असतं म्हणून माणसं फसतात. पतसंस्था ही बँक नव्हे. आयुष्यभराची सगळी पुंजी तिथं एकाच ठिकाणी असणं मला सोसत नाही, माझी बहीण असतीत तरी हेच म्हटलं असतं.

घाईनं मोडू नका, व्याज बुडेल. एकेका पावतीची मुदत संपेल तशी ती रक्कम हलवा. पोस्टात ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना आहे, साठ वर्षांवरच्यांसाठी, पाच वर्षांची. एप्रिल २०२३ पासून ती ८.२ टक्के देत आली आहे. या दरानं ५ लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी १०,२५० रुपये खात्यात येतात. व्याजाचा दर प्रत्येक तिमाहीला जाहीर होतो, म्हणून पैसे भरायच्या दिवशी खिडकीवर विचारा. एकदा भरले की तुमचा दर ठरला. उरलेल्यातले काही तुमच्या बचत खात्याच्या बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवा आणि लाखभर सहज हाताशी राहतील असे ठेवा.

प्रत्येक ठिकाणी वारसाचं नाव लावा. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात, कुणाला किती वाटा तेही लिहून. आणि यांच्या नावावर आणखी कुठे विसरलेलं खातं असेल अशी शंका असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतं. दहा वर्षं ज्यांना हात लागलेला नाही अशा खात्यांची माहिती तिथं असते. हे काम मुलाला सांगा, त्यालाही आईसाठी काही केल्याचं बरं वाटेल.

यादी पुरी झाली की मला एक ओळ लिहा.

मी सातवीत आहे. माझ्याकडे दिवाळीचे, वाढदिवसाचे आणि आजोबांनी दिलेले मिळून १,३४० रुपये जमले होते. ते आईनं "तुझ्यासाठीच ठेवते" म्हणून घेतले. आता मागितले की म्हणते, तुझ्यासाठीच आहेत. पण दिसत तर नाहीत.
— वय १२, नाशिक

तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे. पैसे ज्याचे, त्याला ते दिसायला हवेत. बँकेत आम्ही प्रत्येकाला पासबुक द्यायचो ते याचसाठी.

तू आणि आई मिळून एक बँक काढा. शंभर पानी वही आण. पहिल्या पानावर तारीख घाल, 'जमा १,३४०' असं लिही आणि आईची सही घे. झालं तुझं पासबुक. पैसे काढायचे असतील तेव्हा तारीख, रक्कम, कशासाठी ते लिहायचं आणि दोघींनी सही करायची. शंभरपर्यंत तू विचारल्याशिवाय काढू शकशील, त्यावर असेल तर एक दिवस आधी सांगायचं, असा काही नियम दोघी बसून ठरवा.

आणि आईकडे व्याज माग. शंभराला महिन्याला एक रुपया. हे वाचून तू वरच्या म्हशीच्या पत्राकडे बघशील. बघच, तेच माप आहे. फरक एवढाच की इथं व्याज तुला मिळणार आहे आणि जेवढी शिल्लक असेल तेवढ्यावरच मोजायचं आहे. पहिल्या महिन्याअखेर १३ रुपये ४० पैसे होतील. ते काढू नकोस, जमेत लिही. दुसऱ्या महिन्यात १३ रुपये ५३ पैसे येतील. जास्तीचे तेरा पैसे कुठून आले ते आईला विचारू नकोस, स्वतः शोध. ते सापडले की चक्रवाढ व्याज तुला समजलं. हात न लावता वर्षभर ठेवलेस तर साधारण १,५१० होतात.

एक युक्ती सांगते. ७२ ला व्याजाच्या वर्षाच्या टक्क्यांनी भाग. जे उत्तर येईल साधारण तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट होतात. आईची बँक वर्षाला बारा देते, म्हणजे सहा वर्षं. तू अठराची होशील तेव्हा दुप्पट. तीन टक्के देणाऱ्या बचत खात्यात चोवीस वर्षं लागतील, तेव्हा तू छत्तीसची असशील. ही युक्ती पाचशे वर्षांहून जुनी आहे, १४९४ साली इटलीत छापलेल्या एका गणिताच्या पुस्तकात ती सापडते.

दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतःच्या सहीनं चालवायचं खातंही उघडता येतं. वर्षभर वही नीट चालवलीस की आईबरोबर जाऊन ते उघड. काउंटरवर जे कुणी बसलं असेल त्यांना तू स्वतः सांग, "मला खातं उघडायचं आहे." आईला मागच्या बाकावर बसू दे.

आईसाठी एक ओळ: ताई, या बँकेला वर्षाला तुम्हाला १७० रुपये खर्च येईल. द्या.

तेरा पैशांचं उत्तर सापडलं की मला पत्रानं कळव, आणि पहिल्या पानाचा फोटोही पाठव. आईची सही झाकून.